घोटाभर पाणी

तलाईच्या तळातून निघालेल्या वस्तू आम्ही निळ्या ताडपत्रीवर वर्गवारीने मांडल्या. मातीच्या पणत्या एकशे चौदा, त्यांतल्या धड एकवीस. पितळेचे लोटे नऊ, तांब्याचे चार. मूठ नसलेला विळा एक. बांगड्यांचे तुकडे ओंजळभर, ते मोजले नाहीत. क्रिकेटचे चेंडू सदतीस, बॅडमिंटनची फुलं अकरा, स्टीलचा डबा एक, आणि शाळेचं एक ओळखपत्र, त्यावरचा फोटो विरघळून गेलेला. जिवंत म्हणाल तर कासवं पाच आणि बेडूक पुष्कळ. कासवं आम्ही बायॉलॉजीच्या प्रयोगशाळेतल्या टाकीत हलवली.

अकरावीतल्या अनुश्रीने प्रत्येक ढिगापुढे पुठ्ठ्याचं लेबल लावलं आणि हात झटकत म्हणाली, "तनया मॅम, म्युझियमच झालं हे."

मी फोटो काढले. त्या रविवारी दुपारी मला फार बरं वाटत होतं.

मी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली आहेत. मुलांचा पर्यावरण गट माझ्याकडे आहे, म्हणून शाळेच्या फुटबॉल मैदानामागची तलाईही माझ्याकडे आली. तलाई म्हणजे लहान तळं. हे कच्चं होतं, एका बाजूला दगडी पायऱ्या, बाकी तीन बाजूंना उतरती माती. शाळा होण्याआधी इथे मागच्या ढाणीतल्या मीणा आदिवासी कुटुंबांची शेतं होती. ढाणी म्हणजे शेतांमधली वस्ती. राजे आणि किल्ले येण्याच्या आधीपासून या डोंगरांच्या मुलखात मीणा राहत होते, राज्यही करत होते. आमच्या मुलांच्या पुस्तकात याबद्दल एक परिच्छेद आहे. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली आणि शेवटी शाळेकडे कशी आली, हे मी दोनदा विचारलं. कागद सगळे बरोबर आहेत, असं दोन्ही वेळा सांगण्यात आलं. शाळेभोवती भिंत उभी राहिली तेव्हा तलाई भिंतीच्या आत राहिली आणि ढाणी बाहेर.

दिवाळीच्या सकाळी ढाणीतले पुरुष या तलाईत उभे राहून आपल्या पितरांना पाणी देत. पहिली काही वर्षं शाळा त्या दिवशी मागचं गेट उघडत असे. मग मुलांच्या सुरक्षेचं कारण निघालं आणि गेटला कुलूप लागलं. तेव्हापासून अकरा दिवाळ्या ढाणीतल्या लोकांनी घरच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात पाणी दिलं.

हे सगळं आम्हाला कळलं ते नववीच्या मुलांमुळे. त्यांना इतिहासाचा प्रकल्प होता: शाळेच्या आधी इथे काय होतं? मुलं ढाणीत जाऊन बोलणी रेकॉर्ड करून आली आणि पालकसभेत ती ऐकवली. त्यात बद्रीलाल मीणा नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज होता. "गेट शाळेचं आहे, ठीक आहे," ते म्हणत होते. "पण पाणी आमचं आहे. आमच्याच पाण्यापाशी चौकीदार आम्हाला नाव विचारतो. मी दरवर्षी अर्ज देतो. दरवर्षी म्हणतात, मॅनेजमेंटला विचारतो."

मग एक पालक उठले, मग दुसरे, आणि तासाभरात ठराव झाला: दर दिवाळीला गेट उघडायचं, तलाईला तिचं जुनं नाव लावायचं, ढाणीशी असलेलं शाळेचं नातं नीट करायचं. प्राचार्या विभा माथुर, म्हणजे आमच्या विभा मॅम, यांनी 'सलोखा' असं त्याचं नाव ठेवलं. त्यांनी ते मनापासून केलं, हे मला इथे लिहिलं पाहिजे.

ठरावानंतर चैत्रात बद्रीलाल वारले. पुढची बोलणी त्यांचे भाऊ भगवान सहाय यांच्याशी झाली. ते रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले, माझ्या बाबांच्या ओळखीचे. विभा मॅमच्या खोलीत आम्ही बसलो होतो.

"आम्ही काय काय करू, सांगा," मॅम म्हणाल्या. "मांडव, खुर्च्या, चहा?"

"गेट उघडा," भगवानजी म्हणाले.

"ते तर उघडणारच. आणखी?"

"आणखी काही नको. जसं आहे तसं राहू द्या."

"तुम्ही संकोच करताय."

"संकोच नाही, मॅडम. चाळीस वर्षं गार्डाची नोकरी केली. झेंडी दाखवायला संकोच केला असता तर एक गाडी हलली नसती."

आम्ही सगळे हसलो. ते गेल्यावर मॅम म्हणाल्या, "किती साधी माणसं आहेत." मी माझ्या डायरीत लिहिलं, अपेक्षा: फक्त गेट.

पाण्याचे नमुने मी घेतले ते नुसत्या कुतूहलाने. गढूळपणा खूप होता, आणि आतड्याच्या रोगांचे जंतू होते, मोजण्याइतके. अहवालाच्या शेवटी मी एक ओळ लिहिली: त्वचेशी दीर्घ संपर्कासाठी अयोग्य. ती ओळ खरी होती.

विभा मॅमनी ती दोनदा वाचली. "सत्तरीची माणसं यात उभी राहणार, आणि आपण बोलावलेली. कुणाला काही झालं तर?"

"तलाई रिकामी करता येईल," मी म्हणाले. "गाळ काढायचा, चुना टाकायचा, चांगलं पाणी भरायचं."

शाळेच्या इमारती आणि गाड्या बघणारे दिलीप सर दारातच उभे होते. "दोन पंप लावतो. टँकर मंगळवारी येतील. दिवाळी शुक्रवारी. आरामात होतं."

भगवानजींना विचारावं असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्यांच्यासाठीच तर करत होतो. शनिवारी पंप लागले, रविवारी दुपारपर्यंत तळ दिसला.

त्या संध्याकाळी मी जेवताना आईबाबांना फोटो दाखवले. आम्ही मूळचे अकोल्याचे. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहेत, बदलीने जयपूरला आले आणि इथेच राहिले. घरात मराठी अकोल्याचीच आहे. माझ्या बोलण्यात तेवढी हिंदी शिरली आहे.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे काय होय?"

"तलाई. रिकामी केली. मतलब, साफ केली."

"मीणाजीच्या लोकायची?"

"हो, तीच. दिवाळीला ते येणार ना, त्यांच्यासाठी."

"त्याईनं सांगतलं साफ कराले?"

"नाही. पण पाणी खराब होतं, बाबा. मी टेस्ट केलं."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "महाडाले आपले लोक तळ्यावर गेले, पाणी पेले. मांगून गावच्याईनं काय केलं?"

हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. "घागरी ओतून तळं शुद्ध केलं," मी म्हणाले.

"तुह्या पंपाचा पाइप किती इंचाचा होता?"

"चार."

आई म्हणाली, "जेवू द्या न तिले."

"जेव न. म्या कुठी नाई म्हनलं?"

"बाबा, हे वेगळं आहे. त्यात खरंच जंतू होते."

"हाव," बाबा म्हणाले. "असतीन."

ते पुन्हा जेवू लागले. वेगळं कुठे आहे ते मी शोधत होते. शिकलेलं माणूस फरक शोधू शकतं, तसा मीही शोधला. महाडला लोक पाणी पिऊन गेल्यावर तळं शुद्ध केलं होतं. आम्ही लोक येण्याआधी केलं. मला एवढाच फरक सापडला.

हात धुताना बाबा म्हणाले, "टँकर याच्या आंधी मीणाजीले जाऊन सांग. फोनवर नोको सांगू."

सोमवारी सकाळी मी आधी विभा मॅमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"सांगून काय होणार आहे, तनया? उद्या तलाई भरेल. शुक्रवारी ते येतील, पाणी देतील, समाधानाने घरी जातील. तू आज सांगितलंस तर त्यांची दिवाळी जाईल आणि पाणी काही परत येणार नाही."

"हो, मॅम."

"पाणी पाणीच असतं. हे मी तुला सांगायचं?"

"मॅम, मी निघालेय."

त्यांनी पेन परत उचललं. मग म्हणाल्या, "टँकरवाल्याला काय सांगू, ते मला तिथून फोन करून कळव."

ढाणी म्हटलं तरी आता तिथे पक्की घरं आहेत, दारांत स्कूटर आणि गाड्या. भगवानजींच्या अंगणात बायका गेरूने सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या खडूमातीने मांडणे, म्हणजे इकडची रांगोळी, काढत होत्या. भिंतीवर बद्रीलालजींचा हार घातलेला फोटो होता. बद्रीलालजींचा मुलगा विशाल शिडीवर चढून दिव्यांची माळ लावत होता. तो बँकेत आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

"इंगळेजींची मुलगी," भगवानजींनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली. "बस, बेटी. चहा घे."

मी उभ्यानेच सांगितलं. चहा घेतल्यावर सांगणं मला जमलं नसतं.

"सगळं काढलं?" त्यांनी विचारलं.

"पंपाला येतं तेवढं सगळं."

"कुठे सोडलं?"

"नाल्यात."

ते अंगणातल्या मांडण्यांकडे बघत राहिले. बायकांचे हात थांबले होते.

"पण का?" विशालने शिडीवरून विचारलं.

"तपासणीत पाणी अयोग्य ठरलं."

"वा. पेपर पाण्याने दिला आणि नापास आमचे आजे-पणजे."

"विशाल, चूप," त्याची काकी म्हणाली.

"चूप कशाला, काकी? अकरा वर्षं कुलूप होतं तेव्हा यांनी पाणी तपासलं नाही. यांचीच मुलं त्यात चेंडू काढायला उतरत होती, तेव्हा तपासलं नाही. आम्ही उतरणार म्हटल्यावर तपासलं."

मी हे असं मांडून पाहिलं नव्हतं. नमुने घेतल्याची तारीख माझ्याच अहवालावर होती, गेट उघडायचं ठरल्यानंतरची. मला वाटलं होतं ते कुतूहल होतं.

भगवानजींनी त्याला हाताने थांबवलं. मग माझ्याशी बोलू लागले, आवाज न चढवता, आणि ते मला जास्त जड गेलं.

"आमच्यात सांगतात, फार जुन्या काळी दिवाळीच्या सकाळी आमची माणसं हत्यारं काठावर ठेवून पाण्यात उभी होती. तेव्हा बाहेरून आलेले राजे त्यांच्यावर चाल करून आले. बद्री म्हणायचा, म्हणून पाण्यात उतरताना आपण मागे वळून बघायचं नाही. बघायला लागलो तर उतरणंच होणार नाही. या वर्षी मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, शाळा चांगली आहे, मागे बघू नका."

त्यांनी तलाईच्या दिशेने हात केला.

"दरवर्षी ओंजळीतून जे पडतं ते तिथेच पडतं. पाऊस वरून भर घालतो. दुष्काळातसुद्धा कोपऱ्यात थोडं राहायचं. मागच्यांचं पाणी पुढच्यांच्या पाण्यात असतं. म्हणून तिथे द्यायचं. नाहीतर नळालाही पाणी आहे."

"मग टँकर..."

"टँकरचं पाणी तर घरच्या टबातही आहे की, बेटी."

मी अंगणाबाहेर जाऊन विभा मॅमना फोन केला. "टँकर नको म्हणून सांगा," एवढंच म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही.

परत आले तेव्हा भगवानजींनी विचारलं, "कोपऱ्यात काही राहिलंय का?"

"थोडं. चिखल ओला आहे, त्यातून पाझरतंय. अर्धा गाळ काढून भिंतीशी टाकलाय, अर्धा तळातच आहे."

"राहिलेला काढू नका. त्या कोपऱ्यात तळाशी एक सपाट दगड आहे. ज्याच्या घरी माणूस गेलंय तो पहिल्यांदा त्यावर उभा राहतो आणि पाणी देतो. यंदा विशाल. बद्रीचं हे पहिलं पाणी आहे." ते फोटोकडे बघत नव्हते. "त्या दगडावर पायाचा घोटा बुडाला पाहिजे. बुडाला तर देऊ. नाही बुडाला तर मागच्या वर्षीसारखं घरी, टबात. बद्रीने मरेपर्यंत अर्ज केले ते टबासाठी नव्हे, पण मग तसं."

मला राहवलं नाही. "घोटा म्हणजे नक्की कुठवर?"

विशाल शिडीवरून उतरला, चप्पल काढली आणि अनवाणी पाय माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. "मोजा. आवड आहे ना तुम्हाला."

माझ्या पिशवीत स्टीलची पट्टी होती. मी खाली बसून मोजलं. घोट्याच्या हाडाचं वरचं टोक जमिनीपासून आठ सेंटिमीटरवर होतं.

"आठ," मी म्हणाले.

"लिहून घ्या," तो म्हणाला.

शाळेत परतल्यावर मी मुलांना तलाईच्या पायऱ्यांवर बसवून सगळं सांगितलं. अनुश्री ताडपत्रीकडे बघत होती. तिची लेबलं अजून तिथेच होती. "मॅम, मग हे लोटे म्हणजे..." असं म्हणून ती थांबली आणि उठून एकेक पुठ्ठा उचलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनीही मदत केली, मान वर न करता. मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून चूक केलेली मुलं त्या माणसाकडे कशी बघत नाहीत, ते मी पाहिलं.

लोटे, पणत्या आणि विळा घेऊन विभा मॅम स्वतः ढाणीत गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आल्यावर त्यांनी मैदानाच्या तोंडाशी बांधलेला 'सलोखा' लिहिलेला फलक सोडायला लावला. गाठ सुटेना म्हणून त्यांनीच कात्री आणली.

पाझर वाढवायला एकच गोष्ट करता येत होती. भिंतीशी टाकलेल्या गाळात जुनंच पाणी होतं. तो परत तळात नेऊन कोपऱ्याच्या वरच्या उतारावर पसरायचा, म्हणजे निथळून खाली येईल. शाळेला सुट्टी लागली होती तरी मुलं आली, काही पालकही आले. घमेली हातोहात फिरत होती. एक बाई, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने गेल्याच वर्षी इथे आलेल्या, मराठीत पुटपुटल्या, "आधी काढायचा, मग घालायचा. घरी सांगू काय?" पुढचं घमेलं त्यांच्या हातात आलं. उन्हाने पाणी उडू नये म्हणून दिलीप सरांनी कोपऱ्यावर रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणून बांधली. सपाट दगड सापडला. कडेने शेवाळ, मध्ये पायांनी गुळगुळीत झालेला.

मी रोज सकाळी त्या दगडावर पट्टी उभी धरत होते. मंगळवारी दोन सेंटिमीटर. बुधवारी चार पूर्णांक दोन. गुरुवारी सहा.

हे करताना एक हिशेब माझ्या डोक्यात सारखा चालू होता. ओंजळीत साधारण शंभर मिलिलिटर पाणी मावतं. तलाईत अशा तीसेक लाख ओंजळी. कुणी एक ओंजळ तिथे सोडली आणि ती पूर्ण मिसळली, तर नंतर उचललेल्या प्रत्येक ओंजळीत त्या पहिल्या ओंजळीचे रेणू किती असतील? आकडा लिहायला एकावर अठरा शून्यं लागतात. वर्षानुवर्षं उन्हाने उडालेलं आणि मुरलेलं वजा केलं तरी संपत नाही. मागच्यांचं पाणी पुढच्यांच्या पाण्यात असतं, हे भगवानजींचं म्हणणं अकरावीच्या रसायनशास्त्राने सिद्ध होत होतं. मी ते दरवर्षी फळ्यावर शिकवते. नाल्यात पाणी सोडताना मला ते आठवलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पट्टीवर सहा पूर्णांक सात आलं. वाढ दर वेळी कमी होत होती. मी कोपऱ्याशी उकिडवी बसले होते. मागे बादलीच्या कडीचा आवाज झाला. दिलीप सर होते, हातात भरलेली बादली.

"तनयाजी, दोन बादल्या ओततो," ते हळू आवाजात म्हणाले. "घोटा बुडेल. मुलाच्या हातून बापाला पाणी मिळेल. कुणाला कळणार आहे? पाप लागायचं तर मला लागू दे."

"दोन नाही, सर. अकरा लागतील."

त्यांनी बादली खाली ठेवली. "म्हणजे हिशेब तुम्हीही केलाय."

केला होता. कोपऱ्यातल्या पाण्याचा पसरट आकार, हवी ती उंची, बादलीचं माप. दुपारीच केला होता, आणि अकरा हा आकडा फार नाही असंही मला वाटून गेलं होतं. आम्ही दोघं त्या बादलीकडे बघत उभे राहिलो. मग सरांनी ती उचलली आणि गेटपाशी लावलेल्या तुळशीला ओतली.

दिवाळीच्या सकाळी थंडी होती. शाळेची माणसं पायऱ्यांच्या समोरच्या काठावर उभी राहिली, लांब. फोटो काढायचे नाहीत असं विभा मॅमनी सगळ्यांना बजावलं होतं. बाबा आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते शाळेच्या लोकांत उभे राहिले नाहीत, भिंतीच्या बाजूला एकटेच थांबले.

चौकीदाराने मागचं गेट उघडलं. त्याने नाव विचारलं नाही. ढाणीतले पुरुष आत आले, पुढे भगवानजी, त्यांच्यामागे विशाल पांढऱ्या धोतरात, मग बाकीचे, हातात दर्भाच्या काड्या. त्यांच्यातले बरेच जण मोठे झाल्यापासून पहिल्यांदाच इथे येत होते. ते मोकळ्या तळाकडे, वाळून भेगा पडलेल्या उताराकडे, आमच्या हिरव्या जाळीकडे बघत होते. एक म्हातारे गृहस्थ पायऱ्यांपाशी थांबले आणि त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. शेजारच्याने मान खाली घातली.

भगवानजींनी बाबांकडे पाहून मान हलवली. बाबांनी हात जोडले. आमच्या काठाकडे भगवानजींनी पाहिलं नाही.

"बेटी," ते म्हणाले, "मोज."

मी काठाने फिरून पायऱ्या उतरले. कोपऱ्याशी पोहोचून मी पट्टी काढली तेव्हा विशालने हात पुढे केला. "मला द्या. माझे वडील आहेत."

मी पट्टी दिली. दिलीप सरांनी जाळी बाजूला केली. पाणी स्थिर होतं, तळचा दगड त्यातून दिसत होता. विशाल दगडाच्या कडेला उकिडवा बसला. त्याने पट्टी दगडाच्या मधोमध टेकवली, सरळ आहे ना ते बघितलं, आणि तरंग थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पाण्याच्या रेषेवर अंगठ्याचं नख दाबून पट्टी वर उचलली. त्याने ती आधी भगवानजींना दाखवली. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मग त्याने नख न हलवता ती माझ्यासमोर धरली.

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्याने."

मी वाचलं. सात पूर्णांक दोन सेंटिमीटर, घोट्याला आठ मिलिमीटर कमी.